बांधाची हाळी

आमच्या गावात हाळी एकाच कामाला द्यायची. बांधाला. दुसऱ्या कशाला न्हाय.

गाव धरमतरच्या खाडीच्या काठाला. एका अंगाला खारं पानी, एका अंगाला भाताची शेतं, आनि मधी नुसता मातीचा बांध. मातीच ती. खेकड्यानं भोक पाडलं तरी उधानाच्या भरतीला तिथं भगदाड पडायचं. त्याला आमी खांड म्हनायचो. खारं पानी एकदा शेतात शिरलं की तीन पावसाळे भात धरायचं न्हाय. म्हनून ज्याला खांड पहिली दिसंल त्यानं बांधावर उभं राहायचं, दोनी हात तोंडाशी धरायचे आनि "खांड गेली होऽऽ" करून हाळी द्यायची. ऐकंल त्यानं ती पुढं द्यायची. घराघरातून मानूस फावडं घेऊन धावायचं. जेवत असंल तर ताट तसंच. घरात मयत असंल तर मयत तसंच.

आता असं बघा, एवढी मानसं एका हाकेवर धावायची तर ती हाक खोटी असून चालायची न्हाय. माझ्या जन्माच्या आदी एका घरजावयानं मस्करीत हाळी दिली होती म्हनतात. त्याच्या घरचं पानी गावानं वरीसभर प्यालं न्हाय. शेवटी तो बायको घेऊन निघून गेला. ही गोष्ट आमाला अंगाईसारखी सांगायचे. पोरांनी खेळतानासुद्धा हात तोंडाशी धरायचे न्हाईत.

माझ्या आयनं एकदा हाळी दिली होती. मी तवा रांगत होते. पुरुष मचव्यावर, म्हंजे मालाच्या गलबतावर, मीठ भरायला गेलेले, बांधावर ती एकटी गवत कापीत होती, आनि पायाखालची माती थंड लागली म्हनून वाकून बघितलं तर पानी झिरपत होतं. बाईनं हाळी द्यायची रीत नव्हती. तिनं दिली. पल्याडच्या गावची मानसंसुद्धा होडीतून आली म्हनतात. बांध वाचला. तेव्हापासून बाया तिला चिडवायच्या, "हिला आगबोटीवर न्या गो, भोंगा वाजवायचा खर्च वाचंल." ती हसायची. आवाजच तसा होता तिचा. भांडायची न्हाय, पन लांबून बोलायची. संध्याकाळी मिठाच्या आगरातून परत यायच्या आदी ती तिथूनच मला हाक द्यायची, "बाऽऽय गोऽऽ", म्हंजे चूल पेटव, मी निघाले. मी घराच्या पडवीतून "ओऽऽ" द्यायची. रोजचं होतं ते. रोजचं असतं त्याची मानूस किंमत करत न्हाय.

मी अकरा-बारा वर्साची असंन. न्हातीधुती झाले नव्हते. राज्य गोऱ्या सायबाचं होतं, आगरावर मिठाचा शिपाई फिरायचा, येवढं आठवतं. साल मला सांगता यायचं न्हाय. होळी होऊन गेलेली, ऊन तापलेलं, मीठ जोरात धरत होतं. तो सोमवार होता. सोमवारी आय उपास करायची म्हनून मी नाचनीची पेज नेली होती.

मिठाचं काम ज्यानं केलं न्हाय त्याला सांगते. आगरात घोट्याएवढं कडक खारं पानी असतं, खाली मीठ धरतं. लांब दांड्याच्या फळीनं ते ओढून कडेला आनायचं. पुरुष ओढायचे, बाया पाट्या भरून डोक्यावरून राशीला न्यायच्या. माझी आय दोनी करायची. दिवसभर ओढलं की हात बधिर होतो. मुंग्या येतात, बोटं वळत न्हाईत. आमी त्याला मिठाचा हात म्हनायचो. सगळ्यांना व्हायचा. रात्री करंजेल तापवून चोळायचं, सकाळी हात कामाला तयार. ओठ पन खारानं तडकलेले असायचे, दुपारपर्यंत बोलनं जाड व्हायचं. आमच्याकडं हे दुखनं नव्हतं. आमच्याकडं हे काम होतं.

मी पोचले तवा आयच्या हातून दांडा निसटला. उजव्या हातातून. तिनं वाकून उचलला, परत निसटला. तिनं हाताकडं बघितलं. दुसऱ्या कुनाचा हात आपल्या खांद्याला लावलाय अशी बघत होती.

काकी पाटी भरत होती. म्हनली, "मिठाचा हात झाला गो तुझा. बस जरा, पोर पेज घेऊन आलीय."

आय बांधावर येऊन बसली. येताना एक पाय घसटत आली. मी वाडगं दिलं, तिनं डाव्या हातानं धरलं. उपासाच्या दिवशी डाव्या हातानं खानारी बाई नव्हती ती. घोट घेतला आनि पेज ओठाच्या कोपऱ्यातून लुगड्यावर गळली. तिला कळलंच न्हाय. मी तिच्याच पदरानं पुसली.

ती काय तरी बोलली. शब्द वल्या घोंगडीसारखे जड झाले होते. बायांमधली एक म्हनली, "दुपारीच माडी लागली काय गो वैनी? सोमवारचा उपास माडीवर करतंस?"

सगळ्या हसल्या. आय पन हसली. आनि तवा मी बघितलं. तिच्या तोंडाची एकच बाजू हसत होती. दुसरी बाजू तशीच राहिली.

"काकी, आयचं तोंड वाकडं झालंय."

काकीनं येऊन हनुवटी धरून बघितली. तिचं हसू जरा कमी झालं. पन ती म्हनली, "वारा लागला असंल. सावलीत निजव. पडवीत नेऊन निजव, संध्याकाळी मी करंजेल लावते."

काकी वाईट बाई नव्हती. आयची सख्खी जाऊ, दोघी एका ताटात जेवायच्या. पन उतरत्या उन्हाच्या आत राशी झाकायच्या होत्या, आनि रगत कुठं दिसत नव्हतं. रगत दिसलं की मानसं धावतात. बाळंतीन अडली तर धावतात, साप चावला तर धावतात. हिला काय झालं होतं? हात बधिर, पाय जड, बोलनं जाड. आगरातल्या सगळ्यांनाच ते होतं, थोडं कमी, थोडं जास्त.

बा धक्क्यावर होता. बांधावरून पाव कोस. तिथं मीठ भरून मचवा उभा होता आनि भरती चढलेली होती. मला एवढं कळत होतं की मचवा खाडी ओलांडून जानार, पल्याड धरमतर, तिथून अलिबागेस टांगा मिळतो, आनि अलिबागेस सरकारी डाक्टर हाय. गेल्या वर्सी साप चावलेल्या बाप्याला तसंच नेलं होतं. भरती होती तोवर मचवा होता. ओहोटी लागली की मधी नुसता कमरेएवढा चिखल.

मी बांधावर चढले. दोनी हात तोंडाशी धरले. आयुष्यात पहिल्यांदा धरले. छाती भरून वारा घेतला.

आयनं डावा हात वर केला. नको म्हनून.

"बांध... हाय," ती म्हनली. "हाळी... न्हाय."

जाड झालेले शब्द होते, पन मला कळले. बांध शाबूत हाय, हाळी द्यायची न्हाय. हे तिचं शेवटचं बोलनं. ज्या बाईनं बाई असून गावासाठी हाळी दिली, तिला स्वतासाठी ती खोटी वाटली.

मी हात खाली घेतले. तो छातीत भरलेला वारा कुठं गेला देव जाने. मला वाटतं अजून तिथंच हाय.

मग मी धावले. बांधावर चिखलाच्या कडा, शेवाळ, दोनदा पडले. हाळी एका दमात पोचली असती तिथं पोचायला मला घाम फुटला. बा कमरेएवढ्या पान्यात उभा राहून शेवटच्या पाट्या वर देत होता. मचव्याचा म्होरक्या तांडेल ओरडत होता, "आटपा, पानी फिरंल."

मी म्हनले, "बा, आयचा हात चालत न्हाय."

"मिठाचा हात असंल."

"तोंड वाकडं झालंय."

बा हसला. पाटी वर देता देता म्हनला, "तुझी आय माझ्याशी कवा सरळ तोंडानं बोलली गो?"

मचव्यावरची मानसं हसली. तांडेल पन हसला. मला पन क्षनभर हसू आलं, खोटं का सांगू. बा हसतोय म्हंजे काय न्हाय असं वाटलं. मग बा म्हनला, "एवढा मचवा सुटू दे. आलोच."

मचवा सुटला. बा आला. तोवर आय आगराच्या कडेला आडवी झाली होती आनि बाया तिच्या डोक्यावर खारं पानी थापत होत्या, दुसरं पानी तिथं नव्हतं.

बा त्या दिवसापासून मस्करी करायचा बंद झाला. तो मेला तोवर मी त्याच्या तोंडून एक मस्करी ऐकली न्हाय.

घरी आनल्यावर म्हातारी मानसं जमली. एकानं सांगितलं वारं अंगावरून गेलंय, एकानं सांगितलं भायेरची बाधा हाय, बांधावर दुपारची एकटी बसली होती काय विचारा. भगत आला. त्यानं कबुतर मागितलं. त्याचं गरम रगत उजव्या अंगाला चोळलं. मी कबुतर धरून बसले होते, म्हनून मला ठाऊक. आयचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडं बघत होती, कबुतराकडं न्हाय.

डोलीचं कुनीतरी काढलं. बांबूला झोळी बांधून चार मानसं खांद्यावर नेतात ती. गावाची डोली देवळात टांगलेली असायची. तर एक म्हातारा म्हनला, "डोलीत गेलेलं मानूस परत चालत आलेलं मी बघितलं न्हाय. बाईला घरात मरू द्या."

बाकीच्यांनी माना डोलवल्या. खरं होतं त्याचं. आनि मला हे समजायला म्हातारपन यावं लागलं, की डोलीत मानसं मरतात म्हनून डोली उशिरा काढायचे, आनि डोली उशिरा काढायचे म्हनून डोलीत मानसं मरायची.

मंगळवार गेला, बुधवार गेला. सकाळी उतरंल, संध्याकाळी उतरंल. गुरुवारी काकी चुलीपाशी बसून एकदम रडायला लागली, म्हनली, "मी तिची हनुवटी धरून बघितली होती." मग बानं कुनाला न विचारता देवळातून डोली आनली.

मला नेनार नव्हते. पन आयनं डाव्या हातानं माझा हात असा धरला होता की सोडवता येईना. म्हनून मी डोलीच्या बाजूनं चालत गेले, होडीत तिच्या उशाशी बसले. अलिबाग मी पहिल्यांदा बघितलं ते असं. मोठी मोठी झाडं, कोर्टाकडं जानारी टोपीवाली मानसं, आनि कुनी आमच्याकडं बघत न्हाय.

डाक्टर तरना होता. त्यानं आयचा उजवा हात वर उचलून सोडला. हात पडला. त्यानं विचारलं, "कधी झालं हे?"

"सोमवारी दुपारी," बा म्हनला.

"आज गुरुवार आहे."

बानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"साप चावला असता तर गुरुवारी आणली असतीत?"

"न्हाय सायब. त्याच पावली आनली असती."

"मग?"

बा स्वताच्या पायाकडं बघत होता. म्हनला, "सापाचे दात दिसतात, सायब."

डाक्टरनं आयचा पडलेला हात उचलून तिच्या पोटावर नीट ठेवला. मग खुर्चीवर बसला आनि हळू आवाजात सांगितलं, "खरं सांगतो. सोमवारी आणली असतीत तरी माझ्याकडे याच्यावर औषध नाही. नीट निजवून ठेवली असती, पडू दिली नसती, बघितली असती. एवढंच. आता हातपाय रोज हलवत जा. आणि तिच्याशी बोलत राहा. तिला सगळं कळतंय."

लोक म्हनतात, मग काय फरक पडला असता? मी पन स्वताला तेच सांगत आले. डाक्टरच म्हनला, औषध नव्हतं. पन बांध फुटतो तवा पन गाव काय करतं? चिखल टाकतं. कधी बांध राहतो, कधी जातो. तरी धावतात. आय आगराच्या कडेला आडवी पडली होती, तिच्यासाठी कुनी हातातलं काम टाकून धावलं न्हाय, ह्यात औषधाचा काय संबंध न्हाय.

आय त्यानंतर चार वर्सं जगली. पाय थोडा आला, भिंत धरून चालायची. उजवा हात गेला तो गेलाच. बोलनं पन गेलं. सगळं गेलं, एक अक्षर राहिलं.

ते असं कळलं. पावसाळा सुरू झाला होता, मी परसात भांडी घासत होते, आनि सवयीनं भान न राहून हाक दिली, "आऽऽय, राख संपली गो." आनि घरातून आवाज आला, "ओ."

मी भांडी तशीच टाकून आत धावले. ती भिंतीला टेकून बसली होती. तिलाच नवल वाटलं होतं. मी म्हनले, "आय?" ती म्हनली, "ओ." स्वच्छ. जुन्या आवाजात.

तेवढंच. तिला ओ देता यायचा, हाक देता यायची न्हाय. संध्याकाळी मी मुद्दाम लांब जायची, पार आगराच्या बांधावर, जिथून ती मला हाक द्यायची. तिथून मी ओरडायची, "आऽऽऽय." आनि पडवीतून "ओऽऽ" यायचा. लोक म्हनायचे, पोरगी खुळी झाली, समोरच्या घरातल्या आवशीला आगरातून बोलवते. काकी एकदा म्हनली, "कशाला दमवतंस तिला?" पन आय दमत नव्हती. मी उशीर केला तर ती पडवीत येऊन दाराची चौकट डाव्या हातानं वाजवायची.

माझं लगीन ठरलं ते मुरूडकडं, नारळाच्या वाडीत. खाडीपासून लांब. निघायच्या दिवशी होडीत बसले. सासरी निघालेल्या पोरीला मागून हाक द्यायची न्हाय, अशी रीत. सगळी गप्प उभी होती धक्क्यावर. आय काकीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तिचं तोंड हलत होतं. मला दिसत होतं की ती "बाय गो" म्हनायचा जोर करतेय आनि येत न्हाय. होडी मधोमध आल्यावर मी उभी राहिले. बाजूच्यांनी लुगडं धरून खाली ओढलं. तरी मी हाक दिली, "आऽऽय."

वारा उलटा होता. ओ आला का न्हाय, मला ऐकू आला न्हाय. ती देते तवा हनुवटी वर करते, ती केलेली दिसली.

दुसऱ्या वर्सी भाताच्या लावनीत सांगावा आला. मी पोचले तवा राख पन थंड झाली होती.

सासरी बांध नव्हता, हाळी नव्हती. पन पुढं पाच-सहा वर्सांनी माझी सासू विहिरीवर कळशी भरताना तशीच झाली. कळशी हातातून निसटली, तोंड एका बाजूला. दीर म्हनला, "ऊन लागलं." मी त्याच्याकडं बघितलं न्हाय. वाडीच्या दगडी गडग्यावर चढले, दोनी हात तोंडाशी धरले आनि आमच्या गावची हाळी दिली. "खांड गेली होऽऽ." त्या गावाला त्याचा अर्थच ठाऊक नव्हता. पन आवाजाचा अर्थ कळला असंल. कोळीवाड्यातून, मोहल्ल्यातून मानसं धावत आली. एक म्हातारा बाप्या धापा टाकत विचारतो, "काय गेलं? कुठं गेलं?" नवरा लाजेनं लाल झालेला. पन एवढी मानसं जमली होती की त्यांनी खाट उचलली आनि दवाखान्यात नेली, त्याच घटकेला.

सासू बरी झाली. बोलायला लागली, उजव्या हातानं जेवायला लागली. डाक्टर म्हनला, हलका झटका होता, आपोआप पन उतरला असता कदाचित. असंल. सासूनं मात्र मला जन्मभर सुनावलं. "सगळ्या गावाला माझं वाकडं तोंड दाखवलंस. मी काय बांध हाय व्हय गो?" रोज सुनवायची, भाकरी थापताना, नारळ सोलताना. मी ऐकून घ्यायची. खरं सांगते, मला ते आवडायचं. बोलत होती ना.

आता मी तिच्या वयाच्या पुढं गेले. नातसुना म्हनतात, आता फोन केला की दवाखान्याची गाडी येते. येवो. फोन करायला पन हात तोंडाशी न्यावा लागतो, एवढं मी त्यांना सांगते, त्या हसतात.

संध्याकाळी कुठली तरी बाई लांबून पोरीला बोलवते. पोरी हल्ली लवकर ओ देत न्हाईत. तेवढ्या वेळात माझ्याच तोंडून जातो. ओ. मग मी गप्प बसते. कुनी दुसऱ्यांदा हाक देतंय का, ऐकत.